वधूपक्षातली मिश्री

माझ्या धाकट्या भावानं एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. नदीच्या घाटावर माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली असतात आणि तेवढ्यात माइक फिरतो. सोसायटीचा चेअरमन बोलतो, माजी सरपंच बोलतो, मेलेल्याला ज्यानं कधी राम राम घातला नाही तोही पोकळी निर्माण झाली म्हणून सांगतो. भाऊ निरगुडसरचा बागायतदार, चार लोकांत ऊठबस, म्हणून त्यालाही माइक मिळायचा. त्या दिवशी तो सकाळीच पिऊन आला होता. मेला होता थोरला आणि पुढे टोपी घालून बसला होता त्याचा धाकटा भाऊ. माझ्या भावानं धाकट्याचंच नाव घेतलं. त्याचा स्वभाव किती गोड होता ते सांगितलं, स्वतःचे डोळे पुसले आणि शेवटी सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं. लोक उभे राहिले. तो धाकटाही उभा राहिला. सगळेच उभे म्हटल्यावर तो तरी काय करणार?

मला विचाराल तर त्या माणसाचं काही वाईट झालं नाही. आपण गेल्यावर लोक काय बोलतील हे कुणाला ऐकायला मिळतं? पण भावजयीला हसू आलं नाही. तिनं घरी येऊन पदर खोचला आणि नवऱ्याला सांगितलं, "जुन्नरच्या पुढं ते दारू सोडवायचं केंद्र हाय. तिथं जायचं. पुरा इलाज करून आलात तर घर तुमचं. मधनंच पळून आलात तर मी पोराकडं भोसरीला निघून जाईन, आन तुमी बसा भिंतींना श्रद्धांजली वाहत."

ती बोलते ते करते. एकदा तिनं सांगितलं होतं की पुन्हा पिऊन आलात तर जेवण गोठ्यात, आणि भाऊ आठवडाभर म्हशीशेजारी जेवला होता. त्यामुळे तो कबूल झाला. पण अट घातली.

"आक्का संगं आली तर जातो."

आक्का म्हणजे मी. नवरा गेल्यापासून मी अवसरी खुर्दला एकटी राहते. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना खोल्या भाड्यानं देते आणि त्यांच्यावर ओरडते, दिवस बरा जातो. शिकले चौथीपर्यंत. या भावाला कडेवर घेऊनच शाळेत जायचे. तो भोकाड पसरायचा आणि गुरुजी आम्हा दोघांनाही बाहेर काढायचे. पाचवीला कडेवर पोर चालणार नाही म्हणाले, मग मीच गेले नाही. तेव्हा त्याच्यापायी शाळा गेली, आता म्हातारपणी त्याच्यापायी केंद्रात जायची वेळ आली.

ते केंद्र पूर्वी मंगल कार्यालय होतं. मालकाला ते चालवणं जमेना, मग त्यानं ते डॉक्टर लोकांना दिलं. त्यांनी रंग दिला, खाटा आणल्या, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, पण दारांवरच्या पाट्या तशाच ठेवल्या. पितळी होत्या, पक्क्या बसवलेल्या. त्यामुळे बाया राहायच्या त्या खोलीवर 'वधूपक्ष' आणि पुरुष राहायचे त्या मोठ्या खोलीवर 'वरपक्ष'. जिथं नवरानवरी खुर्च्यांवर बसायची त्या स्टेजवर डॉक्टरीणबाईंचं टेबल. सकाळची सभा त्या स्टेजपुढे भरायची. दारूडे, गांजावाले आणि मनाच्या आजारानं आलेले, सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वऱ्हाडासारखे बसायचे. फक्त अक्षता तेवढ्या नव्हत्या.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढी. तिनं भावाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. पहिले काही दिवस अंग थरथरेल, घाम येईल, त्यावर गोळ्या देऊ, घाबरायचं नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही स्वतःच्या सहीनं भरती होताय. तुम्हाला जायचं असेल तर मी कोंडून ठेवणार नाही. फक्त आधी मला सांगायचं."

भावानं माझ्याकडे बघितलं. मला त्याचा चेहरा लहानपणापासून वाचता येतो. पळून जायला भिंत असती तर तो भिंतीवर चढला असता. इथं दारच उघडं. म्हणजे त्याला आता भिंत नको होती, कारण हवं होतं. बायकोपुढे ठेवता येईल असं, जागाच वाईट आहे असं एखादं कारण.

नातेवाइकांना तिथं राहू देत नव्हते. पण त्यांची स्वयंपाकीण तळेघरची होती आणि भाताच्या लावणीला डोंगरात निघून गेली होती. लावणीच्या दिवसांत तळेघरच्या माणसाला कुणी अडवू शकत नाही, आणि गेलेला माणूस कधी येईल ते एसटीलाही ठाऊक नसतं. तिच्या मागे वॉर्डातले लोक दोन दिवस खिचडी खात होते. मी म्हटलं, "चपात्या मी करते. तेवढ्यापुरती ठेवा." डॉक्टरीणबाई भुकेली असावी. लगेच हो म्हणाली.

गेटवर सामान तपासणारा मामा होता. तो स्वतः आधी पिणारा, इथंच बरा झालेला आणि म्हणून सगळ्यांत कडक. बिस्किटाचा पुडा फोडून बघायचा, खोबरेल तेलाची बाटली हुंगायचा, एकाच्या चपलेचा तळवा उचकटून त्यातून गायछापची पुडी काढली होती त्यानं. माझी पिशवी उपसली. लुगडी, औषधं, जपाची माळ आणि मिश्रीची डबी. डबी उघडून बघितली, झाकण लावलं आणि परत पिशवीत ठेवली.

"मिश्री व्हय? माझी आईबी लावायची," म्हणाला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि त्यालाही वाटलं नाही. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून खातात ती, तोंडात धरून जिकडंतिकडं थुंकतात ती. मिश्री म्हणजे तीच तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली, हे काय मला माहीत नव्हतं? भाजायला मीच बसायचे. पण ती आमच्याकडे दातांसाठी असते. सकाळी उठून बोटावर घ्यायची, हिरड्यांना घासायची, पाय पसरून ओट्यावर बसायचं आणि आख्ख्या आळीचा कारभार तोंडात लाळ धरून बघायचा. त्याशिवाय पोट साफ होत नाही, हे निरगुडसर ते जुन्नर कुठल्याही म्हातारीला विचारा. दुपारी डोकं दुखलं की पुन्हा घासायची. संध्याकाळी कुणाचा राग आला की पुन्हा. याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणायला घरात दोन शिव्या आणि एक भांडण तरी व्हायला पाहिजे.

पहिले काही दिवस भावाचे वाईट गेले. गोळ्या होत्या, सलाइन होतं, डॉक्टरीणबाई दोन-तीनदा येऊन बघायची. मी पेज भरवायला गेले की तो तोंड फिरवायचा. अंगातलं थरथरणं थांबलं आणि त्याची जीभ सुरू झाली. चपाती जाड आहे. पंखा कुरकुरतो. शेजारच्या खाटेवरचा रिटायर एसटी ड्रायव्हर झोपेत गिअर बदलतो. सकाळच्या सभेत प्रत्येकानं उठून आपलं सांगायचं असायचं. याची पाळी आली की हा उठायचा, शर्ट नीट करायचा आणि सांगायचा, "मी बागायतदार. टोमॅटो आन कांदा." आणि बसायचा.

"आणि दारूचं?" डॉक्टरीणबाई विचारायची.

"मला बाई कशाचंच व्यसन नाय. तंबाखू नाय, बिडी नाय, पत्ते नाय. फकस्त दारू."

वधूपक्षात माझी ओळख झाली ती चाचीशी. जुन्नरच्या एका बांगडीवाल्यांच्या घरची ही बाई, माझ्याच वयाची. तिनं घरात बोलणं सोडलं होतं, जेवणही जवळजवळ सोडलं होतं, म्हणून पोरांनी आणून ठेवलं होतं. का सोडलं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. गोळ्या सुरू होत्या, पण अजून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा दुपारी मी स्वयंपाकघराच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मिश्री लावत होते. ती येऊन समोर उभी राहिली. माझ्या बोटाकडे बघितलं, मग डबीकडे.

"हाय का जरा?" ती म्हणाली.

मी डबी पुढे केली. तिनं चिमूट घेतली, टाकीला टेकून बसली, डोळे मिटून घासली आणि पिचकारी टाकून म्हणाली, "तुमची लई जाड हाय. भाजली बरी, पन कुटली नाय नीट."

दुसऱ्या दिवसापासून ती तांदूळ निवडायला माझ्याकडे यायला लागली आणि बोलायलाही लागली. बोलायला म्हणजे काय, नावं ठेवायला. माझ्या आमटीला, माझ्या लुगड्याला, सुनेला, जुन्नरच्या नगरपालिकेला. डॉक्टरीणबाई आनंदानं स्वयंपाकघरात आली. "मावशी, चाची बोलायला लागल्या! काय केलंत तुम्ही?"

"काय नाय. तांदूळ निवडायला बसवलं."

चाची खाली मान घालून खडे काढत होती. तिचे खांदे हलत होते.

आता दोघींना एक डबी कशी पुरणार? त्यात वधूपक्षातल्या आणखी दोघींना सुगावा लागला. एक ओतूरकडची, झोपेच्या गोळ्यांसाठी आलेली, आणि एक तरणी पोरगी जिला फक्त बघायचं होतं. तिला आम्ही हाकललं. डबी रिकामी झाली. मी गेटवरच्या मामाला गाठलं.

"मामा, बाजारात जाताय तर मिश्रीची तंबाखू आणा. चांगली काळी बघून."

"तंबाखू नाय आनता येत मावशी, नियम हाय."

"खायला कोन मागतंय? मिश्रीला पायजे."

"आसं व्हय. मग आनतो की," म्हणाला आणि आणली. चपलेच्या तळव्यातली पुडी पकडणारा माणूस. त्यानं कागदात बांधलेली तंबाखू छातीशी धरून गेटातून आत आणली, स्वतःच्या हातानं माझ्या ओट्यावर ठेवली आणि वर म्हणाला, "वास बघा, ताजी हाय."

दुपारी जेवणं उरकल्यावर मी चपात्यांचा तवा चुलीवर ठेवला आणि तंबाखू भाजायला घेतली. चाची उलथनं घेऊन शेजारी. कार्यालयाचं स्वयंपाकघर ते, पंगतीला वाढायला सोयीचं जावं म्हणून त्याला हॉलच्या बाजूनं लांबच लांब खिडकी. तिकडे हॉलमध्ये वरपक्षाची दुपारची सभा चाललेली. त्या दिवशीचा विषय होता तलफ आली की काय करायचं. डॉक्टरीणबाईचा आवाज येत होता. "डोळे मिटा. ज्याची तलफ येते त्याचा वास आठवा. आता तो वास येतोय असं समजा..."

आणि वास आला.

आधी खोकला ऐकू आला. मग खोकला थांबला आणि सगळं चिडीचूप झालं. मग खुर्च्या सरकायला लागल्या. मी वर बघितलं तर वाढायच्या खिडकीत एकाला लागून एक सगळी तोंडं. गायछापवाले, गुटखेवाले, बिडीवाले, ज्यांची पुडी गेटवर काढून घेतली होती ते सगळे. एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरामुळे की कशामुळे देव जाणे. एक पैलवानासारखा माणूस हात जोडून म्हणाला, "माऊली, नुसता तवा पुसून द्या."

"सरका मागं," चाची उलथनं उगारून म्हणाली. "बायांचं हाय ते."

डॉक्टरीणबाई मागून आली. तिनं तव्यात बघितलं. मग माझ्याकडे, मग मामाकडे. मामानं हसतमुखानं सांगितलं, "तंबाखू न्हवं मॅडम. मिश्री हाय."

आणि सगळ्यांच्या मागून माझा भाऊ आला. सावकाश, लग्नात मानपान झालेल्या पाहुण्यासारखा. तव्याकडे बघितलं, मला बघितलं आणि हसला. दारू थांबल्यापासून त्याचा चेहरा इतका फुललेला मी बघितला नव्हता. त्याला त्याचं कारण सापडलं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढे मी जाऊन बसेपर्यंत तो पिशवी भरून हजर झाला. "मी चाललो," म्हणाला. "हितं सैपाकघरातच तंबाखू भाजत्यात. बायकोला सांगतो, जागा बराबर नाय."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "मावशी, कधीपासून लावता?"

"लग्नाच्या आधीपासनं."

"दिवसातून किती वेळा?"

"लागंल तशी."

"सोडायचा प्रयत्न केला कधी?"

"सोडायला ते काय व्यसन हाय?"

भावानं पिशवी खाली ठेवली. "अगदी आसंच," तो म्हणाला, "अगदी आसंच मला वाटायचं."

मला इतका राग आला की काय सांगू. राग आल्यावर मी काय करते ते वर सांगितलंच आहे, आणि तेच आता करता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईनं बॅटरी घेतली. "तोंड उघडा. किती उघडतं?"

"बोलन्यापुरतं उघडतं."

तिनं गाल ताणून बघितला. आत पांढरा चट्टा होता. तो मलाही माहीत होता, जिभेला लागायचा. ती म्हणाली, तोंडाच्या डॉक्टरला दाखवून घेऊ, पण आधी हे थांबायला पाहिजे. भाऊ वाकून माझ्या तोंडात बघत होता, बैलाचे दात बघतात तसा.

"आक्का सोडंल काय?" तो म्हणाला. "आक्कानं सोडली तर मी ऱ्हातो. जवर ती लावत नाय तवर मी हितनं हलत नाय. पन तिनं एकदा जरी बोट लावलं की मी मोकळा."

मी किती वेळ तग धरीन ते त्याला माहीत होतं. तो धरून चालला होता की संध्याकाळपर्यंत सुटका. माझ्यापुढे भावजयीचा चेहरा आला. ती भोसरीला गेली तर हा एकटा घरात काय करील ते सांगायला ज्योतिषी नको. शिवाय मला या शेमड्यासमोर हरायचं नव्हतं. कुठलं कारण मोठं होतं, ते तुम्हीच ठरवा.

"लिहा माझं नाव," मी म्हटलं.

अशी मी या वयात वधूपक्षात दाखल झाले. तळेघरची बाई लावणी उरकून दोन दिवसांनी आली. हाता-पायांना चिखल्या झालेल्या, मला म्हणाली, "सरका आता, माझी चूल हाय." त्यामुळे हातात लाटणंही राहिलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि स्टेजकडे बघायचं.

मिश्री सुटल्यावर काय होतं ते कुणाही सुशिक्षित माणसाला सांगायला लाज वाटेल, मला वाटत नाही. पोट बसतं. म्हणजे पार बसतं. इसबगोल झालं, एरंडेल झालं, कोमट पाणी पिऊन मी कार्यालयाभोवती फेऱ्या मारल्या, जिथं वरातीचा घोडा फिरायचा तिथं. डोकं ठणकायचं. तोंडात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. चाचीलाही बंदी झाली होती, तिच्याशी एका बादलीवरून मी असं भांडले की वरपक्ष ऐकायला बाहेर आला. डॉक्टरीणबाईला मी पोरी म्हटलं, मामाला गद्दार म्हटलं, आणि शिवनेरीकडे बघून कुणाला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

भाऊ मात्र टवटवीत. रोज सकाळी कडुलिंबाची काडी घेऊन वधूपक्षाच्या दारात उभा. "घे आक्का. दात घास. कडू हाय, पन आरोग्याला चांगली." सभेत तो आता टोमॅटो-कांद्यावर थांबेना. उभा राहून माझी हकीकत सांगायला लागला. "आज आक्कानं सकाळपासनं तीनदा कनवटीला हात घातला. डबी नाय ना तिथं, पन हात जातोय. मग हात नाकाशी नेला, वास घेतला."

लोक हसायचे. मीही मान वळवून एक शिवी द्यायचे.

एकदा डॉक्टरीणबाईनं त्याला मध्येच विचारलं, "आणि तुम्ही, काका?"

"मी काय?"

"तुमचा हात कुठं जातो?"

त्यानं शर्ट नीट केला. "संध्याकाळच्या टायमाला," तो म्हणाला, "गाडीच्या चावीकडं. खिशात नाय चावी, तरी जातो." आणि बसला. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि त्याला ते आवडलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्यावरच आला.

पाऊस लागून राहिला होता. मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी विसरू शकत नव्हते. त्या दिवशीची तव्यावरची तंबाखू मामानं टाकीमागच्या राखेच्या ढिगावर ओतली होती. वर पत्रा होता, ढीग कोरडाच राहणार. चार दिवस मी तिकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी पाय आपोआप गेले. जाऊन बघते तर चाची आधीच बसलेली, बाही सारून राखेत हात कोपरापर्यंत.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"बांगडी पडली."

"मग माझीबी पडली," म्हणून मी शेजारी बसले.

चाचीला आधी लागली. काळा, भाजलेला चुरा, राख मिसळलेला. तिनं मला अर्धा दिला. मी तळहातावर घेतला, फुंकर मारून राख उडवली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"घे की आक्का. थांबलीस का?"

भाऊ पत्र्याच्या कडेला उभा होता. पावसाचं पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं. "घे. माझी पिशी भरलेलीच हाय. मोकळा व्हतो मी. साडेतीनची गाडी गावंल."

चाची म्हणाली, "इनका क्या बिगडता? घ्या ना तुमी."

मी वर त्याच्याकडे बघितलं. तो जिंकत आला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायला हवं होतं, त्या दिवशी तव्यापुढे दिसलं होतं तसं. पण तो माझ्या तळहाताकडे बघत होता आणि पावसातून बाजूला व्हायचंही विसरला होता. लहानपणी ओढ्याच्या काठावर मी खोल पाण्यात उतरायचे तेव्हा तो असाच उभा राहायचा, उतर उतर म्हणत, आणि मी खरंच उतरले की भोकाड पसरायचा. मेल्याला पळून जायचं नव्हतं. साडेतीनची गाडी कुठं नेऊन सोडील ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मी उठले. तळहातावरचा चुरा त्याच्या कपाळावर, नाकावर आणि दोन्ही गालांवर चोळला, शिमग्यासारखा. "जा," मी म्हटलं. "आसा जा गाडीत. कंडक्टरनं विचारलं तर सांग आक्कानं टिळा लावला."

तो गेला नाही. तोंड धुवायला गेला. चाचीनं तिच्या वाटणीचा चुरा बोटाला लावला की पदराला पुसला हे मी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी सांगितलं नसतं. तिच्याशी कुणाची पैज नव्हती.

त्याचा इलाज पुरा झाला तेव्हा भावजय न्यायला आली. डॉक्टरीणबाईनं तिला गोळ्या कशा द्यायच्या, पुन्हा कधी दाखवायला आणायचं, घरात काय ठेवायचं नाही, ते सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. मग बाहेर आली आणि मला वरातीच्या घोड्याच्या वाटेवर बाजूला घेतलं.

"वन्सं, तुमी कुनाची भीड धरत नाय. खरं सांगा. नेऊ का? सुटली का त्यांची?"

मी खोटं बोलायचा विचार केला. भाऊ लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता, नव्या नवऱ्यासारखा दाढी करून.

"माझी सुटली न्हाई," मी म्हटलं. "आत्ता तुझ्याशी बोलतीय तरी मन त्या राखेच्या ढिगात हाय. पन लावली न्हाई. त्याचं माझ्याहून अवघड. आनखी काय सांगू? ने. पन एकटा ठेवू नगो, आन माझा भाऊ हाय म्हनून इस्वास ठेवू नगो."

तिनं पदर खोचला. "म्हंजे नजर ठेवायला मानूस पायजे."

"पायजे."

"मग चला तुमीबी. ते तुमच्यावर ठेवतील, तुमी त्यांच्यावर ठेवा. मी इतकी वरसं ठेवली, आता मला झोपायचं हाय."

"माझ्या खोल्यांतली पोरं?"

"ती विंजेनेर हायती. कुलूप लावतील," ती म्हणाली आणि माझी पिशवी उचलायला गेली. गेटवर मामानं नियमाप्रमाणे आमच्या पिशव्या तपासल्या. या खेपेला माळेचे मणीसुद्धा हुंगले.

नारायणगावला गाडी बदलायची होती. मंचरची एसटी लागायची होती. स्टँडच्या एका बाजूला देशी दारूचं दुकान, दुसऱ्या बाजूला पानाची टपरी, जिच्यावर तंबाखूच्या माळा लोंबत होत्या. भावजयीनं दोन्हीकडे बघितलं. मग बाकावर तिनं नवऱ्याला टपरीकडे तोंड करून बसवलं आणि मला, पाठीला पाठ लावून, दारूच्या दुकानाकडे. स्वतः पिशव्यांवर बसली आणि खरंच डुलक्या घ्यायला लागली.

थोड्या वेळानं पाठीमागून आवाज आला. "आक्का, काय दिसतंय तिकडं?"

"एकजन पायरीवर बसलाय. पायातली चप्पल हातात घेऊन तिला काहीतरी समजावून सांगतोय."

"ऐकती का चप्पल?"

"न्हाई. तुज्याकडं काय?"

"एक म्हातारी मिश्रीची पुडी घेतीय. फोडून वास बघतीय."

"कसा हाय वास?"

"मला काय ठावं? मला कशाचं व्यसन नाय."

मी कोपर मागे मारलं, ते त्याच्या बरगडीत बसलं. भावजय डोळे न उघडता म्हणाली, "दोघंबी फुडं बघा." आम्ही पुढं बघत बसलो. मंचरची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती.